बोलत बोलत २१ किलोमीटर

शुक्रवार

डिसेंबरात जळगावला उतरलेल्या माणसाला मे महिन्यातलं जळगाव सांगून खरं वाटत नाही. पुण्याहून रात्रभर धावून आलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस आम्हाला फलाटावर सोडून भुसावळकडे निघाली, तेव्हा वैशालीच्या अंगात दोन जाकिटं होती. "४५ डिग्री म्हणत होतीस ना गं?" हे ती आता दिवसभर ऐकवणार, ते तिच्या तोंडावर दिसतच होतं. ते ४५ही इथलेच आणि पहाटेचे हे १०-१२ही इथलेच. पहिली हाफ मॅरेथॉन पुण्यात न पळता माझ्या माहेरच्या जिल्ह्यात पळूया, असं मी तिघांच्या गळी उतरवलं ते थंडीचं नाव सांगून. पण मला जायचं होतं वांग्यांसाठी. ते कारण सांगितलं असतं तर कुणी तिकीट काढलं नसतं.

तिघं म्हणजे वैशाली, मकरंद आणि फिरोज. वैशाली शाळेत शिकवते, मकरंद सीए आहे, फिरोजचं औषधांचं दुकान आहे. पुण्यात तळजाई टेकडीवर आम्हाला पळायला शिकवणारे सर घड्याळ फारसं बघू देत नाहीत. त्यांची परीक्षा एकच. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. त्यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोरात पळालं तर दीड-दोन तासांत संपत येते. सावकाश पळालं तर बरोबरीने चरबीही जळते आणि साखर पुरवून वापरली जाते. मकरंदच्या भाषेत, चालू खातं आणि मुदत ठेव. आमच्या वेगाने २१ किलोमीटरला पावणेतीन-तीन तास लागणार होते. तेवढा वेळ बोलायचं काय, म्हणून गाडीतच विषय वाटून घेतले. माझ्याकडे आला माझ्या सासूबाईंचा मोबाइल. तो विषय एकटाही पुरला असता.

मामाचं गाव फैजपूरच्या अलीकडे. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. घडांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या बघून फिरोजने विचारलं, तर मामाने गाडी थांबवून त्याला बागेतच नेलं. माल डागी झाला तर व्यापारी भाव पाडतो, निर्यातीचा असेल तर उचलतच नाही, म्हणून घड झाकायचा. पण मामाचं लक्ष पिशव्यांकडे नव्हतं, आभाळाकडे होतं. पारा १०च्या खाली गेला की केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, वाढ अडते, घड निसवायला, म्हणजे बाहेर पडायला, उशीर होतो आणि पिकल्यावर सालीला तजेला राहत नाही. मग रात्री बागेला विहिरीचं पाणी द्यायचं, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं, आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. आदल्या रात्री मामा त्यासाठी जागाच होता. आम्ही जी थंडी गाठायला रात्रभर प्रवास केला, तिच्यावर त्याची पूर्ण रात्र गेली होती.

"तुम्हाले थंडी पाहिजे, आम्हाले नको," मामा म्हणाला. "देवानं ऐकायचं तरी कोनाचं?" आणि मग जे विचारायला तो सकाळपासून थांबला होता ते विचारलं, "पन मले एक सांगा, कायले पयता एवढं? मांगे कोनी लागलं का?"

संध्याकाळी शेतात भरीत. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्यात भरीत म्हणून जे ताटात पडतं त्याचा आणि याचा फक्त नावापुरता संबंध आहे. वांगी हिरवट-पांढरी, लांबट, हातभर नाही पण वीतभर तरी, आत बी कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. गॅसवर हे वांगं भाजायचं नाही. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात टाकायची आणि साल काळीठिक्कर होऊन सुटेपर्यंत परतत राहायचं. मग सोलून लाकडी बडगीत घालून ठेचायची. याच जाळावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण त्यातच. वरून भरपूर तेलात शेंगदाणे, सुकं खोबरं आणि कांद्याची पात. बरोबर कळण्याच्या पुऱ्या. ज्वारीत उडीद घालून दळलं की ते कळणं.

इथे भांडण झालं. दौडीच्या आधी पोटाला नवं काही द्यायचं नाही, हा पळणाऱ्यांचा पहिला धडा, आणि मकरंद धडे पाळणारा माणूस. तो दोन पुऱ्यांवर थांबला. मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने घराण्याचा अपमान केला. "तब्येत बरी नाही का पाव्हण्यांची?" शेवटी फिरोजने कायदा काढला. दौड रविवारी, आज शुक्रवार, मध्ये पूर्ण दिवस आहे. बंदी आदल्या रात्रीची, आदल्याच्या आदल्या रात्रीची नाही. मकरंदला हा युक्तिवाद पटला, म्हणजे पटवून घ्यायचाच होता. त्यानंतर पुऱ्या मोजणं बंद झालं.

शेकोटीपाशी मामा १९३६च्या फैजपूर काँग्रेसवर आला. तो येतोच. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, गांधीजी हजर, आणि नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली उभं केलेलं बांबूंचं नगर. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. या वेळी मात्र त्याने पाहुण्यांसाठी खास भर घातली. त्याचा आजा सांगायचा म्हणे, की अधिवेशनाची ज्योत मुंबईहून पळत आणली होती, गावोगावची पोरं आळीपाळीने. "त्याइले काम होतं," मामा म्हणाला, "म्हनून पयले."

मामाचा मुलगा गौरव पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीला पोरांना १६०० मीटर आणि १०० मीटर पळायचं असतं, पोरींना ८०० आणि १००. पहाटे इकडच्या कुठल्याही रस्त्याला निघा, अंधारात अशी पोरं धापा टाकत जाताना दिसतील, बऱ्याच जणांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट. गौरवने आमचा वेग विचारला. किलोमीटरला आठ मिनिटं. तो नम्र पोरगा आहे, हसला नाही. फक्त म्हणाला, "आक्का, सोळाशे मी सव्वापाचात मारतो." आणि मग कळलं की त्यानेही २१ला नाव घातलं आहे.

शनिवार

दौडीच्या आदल्या दिवशी पाय वापरायचे नसतात, आणि जळगावात येऊन गांधीतीर्थ न बघता परतायचं नसतं. गांधीजींवरचं हे संग्रहालय आहे शिरसोली रस्त्यावर, जैन हिल्सवर. दौडीचा मार्गही त्याच रस्त्याने, त्यामुळे मार्गाची पाहणी हे निमित्त सापडलं. रिक्षातून जाताना चढ चढासारखा वाटत नाही. रिक्षावाल्याने दुसरा गिअर टाकला तेव्हा वैशाली एकदम गप्प झाली.

आत मकरंद दांडीयात्रेपाशी अडकला. मार्च-एप्रिल १९३०, साबरमती ते दांडी, साधारण ३८५ किलोमीटर, २४ दिवस. त्याने तिथल्या तिथे भागाकार केला. सरासरी रोज १६ किलोमीटर, वयाच्या साठीत, पायांत चपला, आणि संध्याकाळी टेकायच्या ऐवजी सभा. "आणि सोमवारी मौन," मी म्हटलं. "आपल्याला मौन चालायचं नाही," वैशाली म्हणाली, "आपण बोलायचं थांबलो की मेलोच."

दुपारी नंबर, वेळ नोंदवणारी चिप आणि टी-शर्ट घेतले. सगळ्या शहरांत हे सारखंच असतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच की रांगेत आमच्या पुढे एक डॉक्टर आजोबा होते आणि ते मागच्या-पुढच्या सगळ्यांना मोजे कुठले घालणार ते विचारत होते. धावताना अंगाला अंग घासून सोलवटतं तिथे व्हॅसलीन लावा, पुरुषांनी छातीलाही, हे त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. मकरंद लाजला. रविवारी लावून आला मात्र.

मेहरूण तलावाकडे पाय मोकळे करायला गेलो, पंधरा मिनिटंच. बाहेर गाड्यावर मेहरूणची बोरं मिळाली, बारीक, गोल, गोड. नव्या पदार्थाच्या बंदीवर फिरोजचं म्हणणं असं की बोर हा पदार्थ नाही, फळ आहे. या वेळी त्याचं कुणी ऐकलं नाही. बोरं पिशवीत बांधून ठेवली.

रात्री खिचडी. खान्देशात रात्रीची खिचडी हा घरोघरचा रिवाज आहे. तुरीची डाळ, तांदूळ, वरून लसणाच्या फोडणीचं तेल आणि पापड. आमच्या सरांनी लिहून दिलेला आदल्या रात्रीचा आहार याहून वेगळा नव्हता, फक्त त्यात तेल नव्हतं. नऊला दिवे बंद. झोप कुणालाच लागली नाही. साडेअकराला फिरोजच्या खोलीतून बोरं खाल्ल्याचा आवाज आला असं मकरंद अजून सांगतो.

रविवार

सहाला सुटायचं होतं. अंधार, थंडी, ढोल, आणि माइकवर एक तरुण जो सगळ्या जगाला "ऊर्जा" द्यायला सांगत होता. मला दौडीआधीची ती नाचाची कवायत आवडत नाही. पाय राखून ठेवायचे की तिथेच खर्च करायचे? पण थंडीत कुडकुडण्यापेक्षा बरी, म्हणून केली. मकरंदने तेवढ्यात सांगून घेतलं की अंतर २१ नाही, २१.०९७५ आहे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसर किल्ल्यापासून सोडली, ती भरली ४२.१९५, आणि तेच अंतर पुढे कायम झालं. आपण त्याचं निम्मं. "ते शेवटचे ९७ मीटर मी पळणार नाही," वैशाली म्हणाली.

सुटलो. अडीच तासांचा झेंडा पाठीला लावलेला पेसर, म्हणजे ठरल्या वेळेत पोचवणारा धावक, आणि त्याच्या मागचा घोळका, ज्याला पळणारे लोक बस म्हणतात, पाहता पाहता पुढे गेला. फिरोजला मनातून त्या बसमध्ये बसायचं होतं. गेले तीन महिने तो आमच्यापेक्षा बरा पळत होता. तरी तो मागे राहिला. गौरव बंदुकीतून सुटावा तसा गेला. त्याची पाठ पहिल्या वळणापर्यंत दिसली, मग नाही.

पहिले पाच किलोमीटर म्हणजे शुद्ध गप्पा. काव्यरत्नावली चौकाच्या आसपास वैशालीने शाळेच्या स्नेहसंमेलनातला शिवाजी महाराज ऐन वेळी रडायला लागल्याची गोष्ट सांगितली. इतकं हसलो की शेजारून पळणारी कॉलेजची पोरं वेग कमी करून ऐकायला लागली. फिरोजने दुकानात येऊन "डॉक्टरांनी लिहून दिलेलं नको, चांगलं काहीतरी द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची नक्कल केली. पाण्याच्या टेबलावर मीठ लावलेली संत्र्याची फोड मिळाली. उजाडत होतं. दारापुढे सडा टाकणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या.

शिरसोली रस्ता लागला आणि वाक्यं आखूड झाली. चढाला लागल्यावर मी सासूबाईंचा मोबाइल काढला. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पहाटे साडेचारला फुलं पाठवण्याचा जो सपाटा लावला आहे, तिथपर्यंत आले, आणि माझं कर्ता-कर्म-क्रियापद तीन श्वासांत विभागलं गेलं. मकरंद फक्त आकडे बोलू लागला. "आठ वीस." "आठ पस्तीस." वैशालीने शांतपणे चालायला सुरुवात केली आणि आम्हीही. चढावर चालणं ही शरमेची गोष्ट नाही. शेजारून फुसफुसत पळत गेलेले चौघे-पाच जण चढाच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि आम्ही पुढचं वाक्य बोलत त्यांच्या बाजूने गेलो.

जिथून परत फिरायचं त्या वळणाच्या अलीकडे गौरव समोरून परत येताना दिसला. चेहरा लाल, मुठी आवळलेल्या. "आक्का, चला, चला!" एवढंच ओरडला. फिरोज म्हणाला, "याचं वाक्य तुटलंय."

परतीला उतार. उतार बरा वाटतो तो तेवढ्यापुरताच. मांड्यांना खरा मार तिथेच बसतो, कारण प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच अंग तोलून धरत असतो. चौदाव्या किलोमीटरच्या पुढे रस्त्याच्या मोरीवर गौरव बसलेला. पोटरीत गोळा आला होता, हाताला लागेल असा टणक. पोरगा रडवेला. सोळाशेची सवय असलेल्या पायांनी त्याने सुरुवातीलाच खातं मोकळं केलं होतं.

पुण्याहून येताना रात्री गाडीत यावर वाद झालेला होता. कुणी थांबलं तर बाकीच्यांनी थांबायचं का? मकरंदचं मत, नाही. प्रत्येकाने पैसे भरलेत, प्रत्येकाने आपापलं पळायचं. माझंही तेच होतं, खरं सांगायचं तर अजूनही तेच आहे. फिरोज त्या वादात काहीच बोलला नव्हता. इथे तो खाली बसला, गौरवचा गुडघा सरळ केला, पाऊल हातात धरून चवडा नडगीकडे दाबला, आणि मान वर न करता म्हणाला, "जा तुम्ही. मला एक विषय उरलाय, याला सांगतो." आम्ही गेलो.

तिथून पुढे तिघांच्या गप्पा मंदावल्या. पंधरा, सोळा. ऊन आलं होतं, टोचत नव्हतं. सतरा ते एकोणीस या तीन किलोमीटरांत कोण काय बोललं हे मला आठवत नाही, कारण कुणी काही बोललं नाही. फक्त एका ओट्यावर बसलेल्या टोपीवाल्या बाबांनी आम्हाला हटकलं. अहिराणी बोलणारे होते.

"कसाले पयतस वं माय?"

वैशालीकडे त्या क्षणी एकच वाक्य शिल्लक होतं. "पैसे भरलेत, बाबा!"

"पैसा भरीसन पयतस?" बाबा शेजारच्याकडे वळले. त्यानंतर ओट्यावर जो हशा पिकला तो आम्हाला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता, आणि त्यावर आम्ही निदान अर्धा किलोमीटर निभावला.

शेवटी कमान दिसली. वैशाली ते ९७ मीटर पळाली, आमच्या पुढे. पावणेतीन तासांच्या वर काही मिनिटं. पदक, पोहे, केळं. मी केळ्याची साल नीट पाहून घेतली. चरका बसलेली नव्हती. मामाचा फोन आला. "कितवा नंबर?" मी सांगितलं की असा नंबर नसतो. "मंग कसा असतो?" याचं उत्तर द्यायला माझ्याकडे श्वास नव्हता.

मुदत साडेतीन तासांची होती. मकरंद घड्याळ आणि रस्ता आळीपाळीने बघत होता. थोडा वेळ उरलेला असताना फिरोज आणि गौरव चालत आले, लंगडत, आणि अखंड बोलत. कमानीखालून जातानाही फिरोजचं बोलणं चालूच होतं. विषय कुठला होता ते दोघांनीही सांगितलं नाही.

सोमवार

स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं हे पुस्तकात लिहिलेलं असतं. ते खरं आहे.

सकाळी मामाच्या गाडीने चांगदेवला गेलो. तापी-पूर्णेचा संगम, काठावर जुनं दगडी देऊळ, आणि समोर हतनूर धरणाचं पसरलेलं पाणी. हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात. फिरोज दुर्बीण घेऊन आला होता, पण दुर्बिणीपर्यंत जायला उतार उतरावा लागत होता. तो तिरका तिरका, खेकड्याला लाजवत उतरला. आम्ही देवळाच्या जोत्यावरच राहिलो. चांगदेव वाघावर बसून आले तर भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, ही गोष्ट वैशाली वर्गात दरवर्षी सांगते. "बसूनच गेली ना," ती म्हणाली, "शहाणी माणसं."

दुपारी मामीने मांडे केले. चुलीवर पालथं घातलेलं खापर, आणि पुरण भरलेली पोळी लाटण्याशिवाय, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि खापरावर अलगद टाकायची. मकरंदने या वेळी कुठलाच धडा काढला नाही. अडचण वेगळीच होती. पंगत जमिनीवर होती. बसताना चौघांनी चार प्रकारचे आवाज काढले. गौरव दारात उभा राहून जेवला. "हे पाय पोलिसात जातीन?" मामीने विचारलं. गौरव म्हणाला की आता तो आठवड्यातून एकदा सावकाश पळणार आहे. "बोलत बोलत," त्याने जरा लाजत सांगितलं. मामा म्हणाला, "मंग आता घरात कोन ऐकीन?"

रात्री भुसावळहून पुण्याची गाडी. आरक्षण मकरंदने केलेलं, महिनाभर आधी, एका खालच्या आणि तीन वरच्या बर्थचं. खालच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी त्यालाच निघाली. यावर वैशालीने हिशेब तपासून मागितला. समोरच्या बर्थवर एक मावशी होत्या, सावद्याहून लेकीकडे निघालेल्या. त्यांनी आमची चढण्याची तऱ्हा पाहून अपघात कुठे झाला विचारलं. फिरोजने सगळं सांगितलं, पदकही दाखवलं. मावशींनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि परत दिलं.

पहिल्यांदा मी चढले, मग फिरोज. वैशालीने शिडीच्या एकेका पायरीवर थांबून सासूबाईंच्या मोबाइलचं पुढे काय झालं ते विचारलं, आणि मी प्रत्येक पायरीला एकेक वाक्य दिलं. ती वर पोचली, आडवी झाली, पांघरूण घेतलं. मग तिच्या लक्षात आलं की पाण्याची बाटली खाली राहिली आहे, आणि मकरंद घोरायला लागला आहे.